शंभर सीसीची गाडी लांबच्या प्रवासाला तयार करताना

रोज कामावर जाण्यासाठी घेतलेली १०० सीसीची मोटारसायकल पुण्याहून कोकणात किंवा थेट गोव्यापर्यंत नेता येईल का, असा प्रश्न लांब पल्ल्याचा विचार नव्याने करणारे बहुतेक जण विचारतात. नेता येते, आणि त्यासाठी गाडीत फारसे काही नवे बसवावेही लागत नाही. मात्र गाडीत आधीच झिजलेले जे काही आहे ते निघण्यापूर्वी बदलावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट नवखे लोक मागे टाकतात. मोबाइलचा होल्डर, जादा दिवे आणि नवे आरसे यांवर दोन-तीन हजार रुपये खर्च होतात, पण ताणलेली चेन आणि कडक झालेले टायर तसेच राहतात. या लेखात उदाहरणासाठी हीरोची स्प्लेंडर प्लस घेतली आहे, कारण ती महाराष्ट्रात गावोगाव आहे आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात. शाईन, प्लॅटिना किंवा अशाच इतर एक सिलिंडरच्या लहान गाड्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू होतात. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतून पाहावेत.

गाडीजवळ राखीव किती आहे

स्प्लेंडरचे इंजिन ९७.२ सीसीचे, हवेने थंड होणारे आणि सुमारे ८ अश्वशक्तीचे आहे. गिअर चार, पुढचे व मागचे दोन्ही ब्रेक १३० मिलिमीटरच्या ड्रमचे, बॅटरी जेमतेम ३ अँपिअर-अवरची आणि इंजिनात तेल एक लिटरच्या आतबाहेर. मोठ्या गाडीत ताकद, तेल, वीज आणि ब्रेक या सगळ्यांतच थोडे उरलेले असते, त्यामुळे एखादी हयगय खपून जाते. लहान गाडीत असे राखीव फारच थोडे असते. शंभर-दीडशे मिलिलिटर तेल जळाले तर मोठ्या इंजिनाला त्याचे काही वाटत नाही, पण येथे तो एकूण तेलाचा सातवा-आठवा हिस्सा असतो. खाली सुचवलेले प्रत्येक काम याच दृष्टीने पाहावे: या कामामुळे राखीव वाढते की खर्ची पडते?

वजनाचा हिशेबही याच सदरात येतो आणि तो अप्रिय आहे. या गाडीवर लादण्याच्या वजनाची मर्यादा साधारण १३० किलो आहे. चालवणारा ७५ किलोचा आणि मागे बसणारा ६० किलोचा असेल, तर सामानाची एक पिशवीही न बांधता ती ओलांडली जाते. शहरात आपण हे रोज करतो आणि गाडी ते सहन करते, पण दिवसभर घाटांतून भरधाव ट्रकांच्या शेजारून जाताना तेच वजन ब्रेक, टायर आणि शॉकअप यांच्यावर सतत पडते. म्हणून पहिला लांबचा प्रवास एकट्याने करावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

तेल, हवा आणि प्लग

ही सर्व कामे निघण्याच्या किमान आठवडाभर आधी करावीत. आदल्या संध्याकाळी गॅरेजमधून आणलेली गाडी पहाटे लांबच्या रस्त्यावर काढू नये, कारण सैल राहिलेला नट किंवा चुकीच्या जागेवरून गेलेली केबल पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरांतच कळते आणि ती घराजवळ कळलेली बरी.

इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३० दर्जाचे आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटारसायकलच्या तेलाचा जपानी दर्जा) असे लिहिलेले असावे. मोटारसायकलचा क्लच याच तेलात बुडालेला असतो. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांमुळे क्लच घसरू लागतो, म्हणून घरात मोटारीचे तेल उरले आहे या कारणाने ते येथे ओतू नये. इंजिन कोमट असताना जुने तेल काढावे आणि निचरा पूर्ण होऊ द्यावा. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. तेलातील कचरा तळाच्या जाळीत आणि क्रँकसोबत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यासोबत, फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल फिल्टरच्या कडेला साचतो, आणि तो साफ करण्यासाठी क्लचच्या बाजूचे कव्हर उघडावे लागते. नुसते तेल बदलून हा कचरा जात नाही. गाडी बरीच चाललेली असेल आणि हे कव्हर कधी उघडल्याचे आठवत नसेल, तर लांबच्या प्रवासाआधी ते एकदा उघडून घ्यावे. नव्या गॅस्केटचा खर्च फार नसतो.

तेलाची पातळी पाहण्याचीही रीत आहे. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करून दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवावे, बंद करून तितकाच वेळ थांबावे, मग दांडी पुसून न पिळता नुसती आत टेकवून पाहावी. दांडी पिळून बसवून पाहिल्यास पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

एअर फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून घ्यावे. स्पंजचा असल्यास धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन परत बसवता येतो. तेलकट कागदाचा असल्यास तो झटकू नये आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नये, कारण त्यावरचा तेलाचा थर निघून गेला की त्याची धूळ अडवण्याची क्षमता जाते. तो बदलावाच लागतो. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. टोक बिस्किटासारखे तपकिरी असेल तर जळण ठीक आहे, काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा फिल्टर तुंबला आहे, आणि पांढरट दिसत असेल तर मिश्रण हलके आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी जाते आहे, आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त तापते आहे. शेवटच्या प्रकारात घाटाचा विचारही करण्याआधी कार्बोरेटर आणि त्याचा रबरी मॅनिफोल्ड चिरला आहे का, हे तपासावे. कार्बोरेटरऐवजी फ्यूल इंजेक्शन असलेल्या गाडीत हे काम घरी होण्यासारखे नाही, ते सर्व्हिस सेंटरवर सोपवावे.

आता पंपांवर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग त्यासाठी योग्य असणे बंधनकारक आहे. त्याआधीच्या गाडीत पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग एकदा डोळ्यांखालून घालावेत. नळी बोटांत दाबल्यावर कडक लागली किंवा टोकाशी बारीक भेगा दिसल्या तर ती लगेच बदलावी, फार तर पन्नास रुपयांचे काम आहे.

टॅपेट: न ऐकू येणारा बिघाड

लहान इंजिनाच्या देखभालीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते व्हॉल्व्हच्या फटीकडे, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंग म्हणतात त्याच्याकडे. टॅपेट सैल झाला की वरून टिकटिक आवाज येतो आणि मालक घाईने गाडी मेकॅनिककडे नेतो. मेकॅनिकही ग्राहकाला शांत इंजिन आवडते हे ओळखून फट जरा जास्तच आवळून देतो. खरा धोका या शांततेत आहे. फट कमी पडली की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मिळणारा थंडावा हा मुख्यतः बैठकीला टेकलेल्या त्या क्षणांतच मिळतो, आणि तो हुकला की व्हॉल्व्हची कड हळूहळू जळते. लक्षणे अशी असतात की थंड गाडी पहिल्या किकला सुरू होते, पण चाळीस-पन्नास किलोमीटर चालून चहाला थांबल्यावर लवकर सुरू होत नाही, आणि चढावर दम कमी पडतो.

फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते, म्हणून ती अंदाजाने नव्हे तर फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावी. पुस्तिकेत दिलेला आकडा कागदावर लिहून मेकॅनिकसमोर ठेवावा. काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचे, म्हणजे गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवणे किंवा सकाळी ढकलत नेणे आले. डाव्या कव्हरवरची दोन गोल झाकणे काढावीत. मोठ्या झाकणातून पान्याने क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा, आणि लहान झाकणातून मॅग्नेटवरची (वीज बनवणाऱ्या फिरत्या चाकावरची) टी ही खूण कव्हरवरच्या खाचेसमोर आणावी. या वेळी व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन दाबाच्या फेरीत नाही, क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. गेजची पट्टी फटीतून सरकताना हलकेसे ओढल्यासारखे वाटले पाहिजे. लोण्यात सुरी फिरते तशी ती सैल फिरू नये आणि अडकूही नये. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे. हे दुसरे मोजमाप टाळणारा मेकॅनिक बदललेला बरा.

चेन आणि स्प्रॉकेट

स्प्लेंडरसारख्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते आणि म्हणूनच तिचे हाल कोणाला दिसत नाहीत. कव्हरवरचे रबरी बूच काढून आतला ताण पाहता येतो, पण लांबच्या प्रवासाआधी खालचे आणि वरचे कव्हर पूर्ण उघडावे. चेन रॉकेलमध्ये मऊ ब्रशने धुऊन कोरडी करावी आणि तिला ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांवर द्यावे. ऑइल दिल्यावर निदान रात्रभर गाडी उभी ठेवून जादा तेल पुसून घ्यावे.

झीज ओळखण्यासाठी मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन अगदी मागच्या बिंदूवर चिमटीत धरून सरळ मागे ओढावी. चेन दातापासून इतकी सुटली की अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसतो, तर चेन संपली आहे. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण संच बदलावा. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर नवी चेनही लवकर जाते. मागच्या हबमधील (चाकाच्या मधल्या भागातील) रबर याच वेळी पाहून घ्यावेत. स्प्रॉकेट हाताने मागेपुढे केल्यावर खडखड वाजत असेल तर ते मेले आहेत, आणि चेनला बसणारे हिसके त्यांच्यामुळेच आहेत.

ताण सर्वसाधारणपणे २० ते ३० मिलिमीटर खालीवर हालचाल होईल इतका ठेवतात. एकाच जागी मोजून थांबू नये. चाक फिरवत राहून चेन सर्वांत घट्ट कुठे होते ती जागा शोधावी आणि ताण तेथे मोजावा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, एक्सल आवळावा आणि मग मागच्या ब्रेकच्या पेडलची ढिलाई पुन्हा जुळवावी, कारण चाक मागे सरकले की ब्रेकची दांडी आपोआप ताणली जाते आणि ब्रेक धरून राहण्याची शक्यता असते. घट्ट चेन सैल चेनपेक्षा वाईट. माणूस आणि सामान बसल्यावर ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढ देते.

ब्रेक, टायर आणि चाके

ड्रम ब्रेकच्या पट्ट्या किती उरल्या आहेत हे चाक न काढताही कळते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ब्रेक प्लेटवरील बाण जर खुणेच्या रेषेला पोचत असेल तर शू, म्हणजे या पट्ट्यांची जोडी, बदलायची वेळ झाली आहे. तरीही लांबच्या प्रवासाआधी दोन्ही चाके काढून ड्रममधील काळी धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कॅमच्या दांड्याला अगदी थोडे ग्रीस द्यावे आणि पट्ट्या गुळगुळीत चकचकीत झाल्या असतील तर पॉलिश पेपरने त्यांची चकाकी घालवावी. नवे शू घातल्यावर ते ड्रमशी नीट जुळायला शहरातील शे-दोनशे किलोमीटर लागतात, तोवर घाटाचा विचार करू नये.

टायरच्या बाबतीत नक्षी हा एकच निकष लावणे चुकीचे आहे. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार अंकी संख्या असते. २२२३ असे लिहिले असेल तर टायर २०२३ च्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच-सहा वर्षांपूर्वीचा, नखाने दाबल्यावर न दबणारा आणि भिंतीवर बारीक भेगा असलेला टायर नक्षी शाबूत असली तरी ओल्या रस्त्यावर धरत नाही. मोठ्या मापाचा टायर घालण्याचा मोह होतो. मागे एक माप वाढवले तर काही गाड्यांत तो बसतोही, पण चेन कव्हरला घासतो का ते पाहावे लागते आणि आधीच कमी असलेल्या ताकदीवर आणखी वजन पडते. ठरलेल्या मापाचा, चांगल्या कंपनीचा नवा टायर पुरेसा आहे. हवा थंड टायरमध्ये भरावी. या वर्गातील गाड्यांना एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय सांगितलेली असते, तर मागे माणूस बसवल्यावर मागच्या चाकात ती ४० पर्यंत न्यायला सांगतात. पंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय दोन्हीकडे तीस-पस्तीस भरून मोकळा होतो, म्हणून स्वतःचा छोटा गेज बाळगावा.

तारांची चाके असल्यास प्रत्येक तारेवर पान्याने हलकी टिचकी मारून ऐकत जावे. आवळलेली तार खणखणीत वाजते, सैल तार बोदा आवाज करते. दोन-तीन बोद्या तारा सापडल्या तर चाक ट्रुइंग करणाऱ्याकडे (तारा आवळून चाक सरळ करणाऱ्याकडे) द्यावे, स्वतः आवळत बसू नये.

पुढचे चाक जमिनीवरून उचलून हॅन्डल अगदी हळू, एका बोटाने, डावीकडून उजवीकडे न्यावे. बरोबर मधोमध ते कट्ट करून खाचेत बसल्यासारखे थांबत असेल तर कोन सेट (हॅन्डलच्या दांड्याचे बेअरिंग) गेलेला आहे. रोज शहरात ते जाणवत नाही, कारण कमी वेगात आपण हॅन्डल सतत हलवतच असतो. हायवेवर सरळ जाताना मात्र गाडी किंचित लहरत राहते आणि चालवणाऱ्याचे खांदे त्याशी झगडून दुखू लागतात. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर तेलाची रेघ दिसली तर ऑइल सील बदलावे. मागचे चाक धरून आडवे हलवल्यावर टकटक जाणवली तर स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग यांपैकी एक गेले आहे.

सुधारणा: काय करावे, काय करू नये

वरील कामे झाल्यावरच सुधारणांकडे वळावे. खर्च करायचा तर आधी सीटवर करावा. कंपनीचा फोम दोन-तीन वर्षांत बसतो आणि ऐंशी किलोमीटरनंतर माणूस जागा बदलत राहतो. कुशनवाल्याकडून जास्त घनतेचा फोम टाकून, वरचा भाग थोडा रुंद आणि सपाट करून घ्यावा. जाड मऊ गादी करू नये. ती पहिला अर्धा तास सुखाची वाटते आणि नंतर बूड थेट पत्र्याला टेकते. मागच्या शॉकअपला कडकपणाच्या पायऱ्या असतात. सामान असेल तेव्हा दोन्हीकडे सारख्याच पायऱ्या वाढवाव्यात. याला पैसे लागत नाहीत, तरीही फार थोडे लोक हे करतात.

विजेच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर मॅग्नेटमधून येणाऱ्या एसी विजेवर चालतो आणि म्हणूनच इंजिनाचा वेग कमी झाला की उजेड मंदावतो. अशा जोडणीत साधा एलईडी बल्ब घातला तर तो लुकलुकतो किंवा लवकर जातो. शिवाय हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्याच्या आतील आरशात एलईडीचा झोत विखुरतो. चालवणाऱ्याला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, दूरचे काही दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. मूळ ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब नवा घालावा, काच आतून-बाहेरून स्वच्छ करावी, वायरचे सांधे घासून घ्यावेत आणि दिव्याचा कोन सामानासह गाडीवर बसून जुळवावा. जादा दिव्यांचा हिशेब तर कागदावरच बसत नाही. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टला सव्वातीन अँपिअरहून जास्त प्रवाह, आणि बॅटरी ३ अँपिअर-अवरची. इंजिन बंद असताना ती तासाभरात रिकामी होईल आणि चालू असतानाही मॅग्नेटवर कायमचा ताण पडेल. मोबाइलचा चार्जर साधारण एक अँपिअर घेतो, तेवढे परवडते. मात्र तो चावीच्या स्विचनंतर, स्वतंत्र फ्यूज घालून जोडावा. खरे तर रात्री चालवायचेच नाही असे ठरवले की दिव्यांचा निम्मा प्रश्न मिटतो.

मोकळा सायलेन्सर आणि जादा हवा घेणारा फिल्टर या दोन्ही गोष्टी लांबच्या प्रवासाच्या शत्रू आहेत. मिश्रण हलके होते, इंजिन जास्त तापते, आणि ताकद वाढल्याचा जो भास होतो तो आवाजाचा असतो. नोंदणीतील तपशीलांशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही तो आड येऊ शकतो. पुढच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवण्याची युक्तीही सांगितली जाते. चौदाचे पंधरा दात केले तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतात हे खरे. पण सोलापूरकडच्या सपाट रस्त्यावर सुखावणारा हा बदल आंबोलीच्या चढावर तिसऱ्या गिअरऐवजी दुसरा टाकायला लावतो. चार गिअरच्या गाडीत मधला गिअर नसतो, म्हणून मूळची जोडीच ठेवावी.

सामान

वजन खाली आणि पुढे, एवढे सूत्र पाळले की पुरे. सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या सॅडल बॅगेत जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. उजवीकडची बॅग सायलेन्सरपासून किमान चार बोटे दूर राहील अशी पट्टी बांधावी. मागच्या कॅरिअरवर फक्त हलके, पाच-सहा किलोंपर्यंतचे सामान ठेवावे. तेथे वजन वाढले की पुढचे चाक हलके होते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हॅन्डल हातात राहत नाही. हुकाच्या रबरी दोऱ्यांपेक्षा बकलच्या चपट्या पट्ट्या वापराव्यात आणि त्यांची मोकळी टोके बांधून टाकावीत, कारण सुटलेली दोरी बहुधा मागच्या चाकातच जाते.

चाचणीची फेरी

पूर्ण सामान बांधून एक दिवसाची फेरी करावी. पुणेकरांसाठी वाईमार्गे पसरणीच्या घाटाने पाचगणीपर्यंत जाऊन परत येणे योग्य ठरते, कारण त्यात हायवे, चढ, उतार आणि गर्दी असे सगळे मिळते. मुंबई-ठाण्याकडील लोकांना माळशेज आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता तोच गिअर ठेवावा, वेग इंजिनाने रोखावा आणि ब्रेक सलग घासत न ठेवता दाबून सोडत राहावे. ड्रममधील उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. सतत दाबलेला ब्रेक काही मिनिटांत बोथट होतो, लिव्हर दाबले जाते पण गाडी थांबत नाही. खाली पोचल्यावर दोन्ही हबजवळ हात न लावता तळवा धरून पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा फारच तापला असेल तर एकाच ब्रेकवर भार टाकण्याची सवय आहे, किंवा तो ब्रेक धरून राहतो आहे.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी तेलाची पातळी, चेनचा ताण, एक्सलचे नट, कॅरिअरचे बोल्ट आणि इंजिनाखालची जमीन पाहावी. तेलात किती घट झाली तो आकडा टिपून ठेवावा, कारण मोठ्या प्रवासात रोज किती तेल लागेल याचा अंदाज त्यातूनच येतो.

सोबत काय असावे

एक क्लच केबल, एक एक्सलेटर केबल, एक प्लग, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, चेनचे लॉक, इन्सुलेशन टेप, थोडी बाइंडिंग वायर आणि प्लॅस्टिकचे टाय. क्लच केबल डब्यात ठेवण्याऐवजी चालू केबलला समांतर ओढून, दोन्ही टोके टेपने बांधून ठेवावी. जुनी तुटली की फक्त टोके बदलायची, टाकी काढण्याची गरज नाही. ट्यूबचे टायर असल्यास एक नवी ट्यूब, दोन लिव्हर आणि हातपंप घ्यावा. पुढचे आणि मागचे चाक एकाच मापाचे असेल तर एक ट्यूब दोन्हीला चालते, हा या गाडीचा फायदा आहे. स्प्लेंडरचे मागचे चाक चेनला हात न लावता निघते. एक्सलचा नट वेगळा आणि स्प्रॉकेट धरून ठेवणारा मोठा नट वेगळा असतो, त्यातील मोठ्या नटाला हात लावू नये. हे काम एकदा घराच्या अंगणात स्वतः करून पाहावे, कारण पावसात, रस्त्याच्या कडेला, ट्रक जात असताना ते शिकण्याची वेळ नसते.

आयएसआय चिन्हाचे हेल्मेट हवेच. परवाना, नोंदणी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये चालतात. तरीही घाटात नेटवर्क नसते, म्हणून प्रती जवळ असाव्यात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर दुचाकींना बंदी आहे. नकाशाच्या अॅपमध्ये वाहनाचा प्रकार दुचाकी निवडला नाही तर ते बिनदिक्कत त्याच रस्त्यांवर नेते.

रस्त्यावर

सपाट रस्त्यावर ५५ ते ६५ किलोमीटर हा या इंजिनाचा सुखाचा वेग आहे. ऐंशीला गाडी जाते, पण तेथे पुढचे वाहन ओलांडण्यासाठी काही उरत नाही आणि तेल जास्त जळते. थांबे, चहा, गर्दी धरून तासाला ४५ किलोमीटरचा हिशेब ठेवावा. पुणे ते कोल्हापूर हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर म्हणजे पाच तास, आणि पहिल्या दिवसाला तेवढे भरपूर आहे. टाकीत सुमारे १० लिटर पेट्रोल मावते, म्हणजे पेट्रोल संपण्याआधी बहुधा माणूसच थकतो. दर तास-सव्वा तासाने थांबावे. हे थांबणे इंजिनासाठी लागते ही समजूत बरोबर नाही. वारा लागत असेपर्यंत हवेने थंड होणारे इंजिन दिवसभर चालते. त्याला त्रास होतो तो चढावर मोठ्या गिअरमध्ये रेटल्याने आणि गर्दीत ताटकळल्याने. चढावर इंजिन धडधडू लागण्याआधीच गिअर उतरवावा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये, सावलीत उभे केले की पुरे.

पावसाळ्यात कोकणात उतरताना दोन गोष्टी वेगळ्या होतात. पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरते आणि पुढची काही मिनिटे ब्रेक जवळजवळ नसतो, म्हणून हळू वेगात हलका ब्रेक दाबून पट्ट्या कोरड्या कराव्यात. आंबोलीसारख्या घाटात धुक्यासोबत शेवाळलेला, चिकट रस्ता मिळतो, तेथे पुढचा ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच संपवावा.

इंजिन अचानक बंद पडले तर क्रम ठरलेला ठेवावा. आधी पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर करून पाहावा आणि टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र तुंबले आहे का ते झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू आला तर दोष तेथेच आहे. मग प्लगची टोपी काढून कोरडी करून परत दाबून बसवावी, पावसात निम्म्या वेळा एवढ्यावर भागते. त्यानंतर प्लग बदलावा, मग फ्यूज. इंजेक्शनच्या गाडीत चावी लावल्यावर पंपाचा क्षणभर घूं असा आवाज येतो का ते ऐकावे आणि बॅटरीची टोके आवळून पाहावीत, कारण बॅटरी मेलेली असली तर त्या गाडीत पंपच चालत नाही. एवढे करूनही गाडी सुरू झाली नाही तर कार्बोरेटर किंवा इंजिन रस्त्याच्या कडेला उघडू नये. पुढच्या गावचा मेकॅनिक ही गाडी ओळखतो, तेथपर्यंत ती एखाद्या रिकाम्या टेम्पोत उभी बांधून न्यावी, आणि बांधताना दोर हॅन्डलच्या टोकांना न बांधता पुढच्या शॉकअपच्या खालच्या टी-प्लेटला बांधावा.